मलम लावलं, गोळी घेतली, तरी खरूज परत का येते?

"डॉक्टर, परत खाजूलालंय की ओ."

सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना असला की थंडीच्या दिवसांत हे वाक्य रोज कानावर येतं. माणूस पिशवीतून मलमाची रिकामी ट्यूब काढून टेबलावर ठेवतो, म्हणजे औषध वापरल्याचा पुरावा. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असतात. आपण ट्यूब उलटीपालटी करून बघतो आणि दुसऱ्या कंपनीचं तेच मलम लिहून देतो. महिन्याने तो पुन्हा दारात. मी बरीच वर्षं हेच करत होतो, म्हणून हे लिहितोय. नव्याने दवाखाना टाकलेल्यांसाठी आणि ज्यांच्या घरात हे चक्र चालू आहे त्यांच्यासाठीही.

आता मी ट्यूबकडे बघतच नाही. आधी विचारतो, मलम लावल्यावर खाज किती दिवस थांबली होती आणि परत कधी सुरू झाली? तारीख कोणालाच आठवत नाही, म्हणून सण विचारायचा. गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा. "गड्ड्याच्या आधी की गड्डा झाल्यावर?" म्हटलं की अक्का बरोबर सांगतात, "संक्रांतीला पाव्हणे आलते, ते गेल्यावर चार दिवसांनी." एवढ्यावर अर्धं निदान होतं.

कारण खरजेचा किडा अगदी ठरल्या वेळापत्रकाने चालतो. मादी ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, नुसत्या डोळ्याला जेमतेम ठिपका. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, पुढच्या दहा-चौदा दिवसांत पिल्लू मोठं होतं. मादी महिना-दीड महिना जगते. खाज तिच्या चालण्याची किंवा चावण्याची नसते. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांवर आपलं शरीर चिडतं, त्याची ती खाज असते. पहिल्यांदा लागण झालेल्या शरीराला हे ओळखायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी एकदा खरूज होऊन गेली असेल तर एक ते चार दिवस पुरतात. पुढचं सगळं या आकड्यांवर चालतं.

खाज एक दिवसही कमी झाली नाही

तर पहिला संशय स्वतःवर घ्यावा. ही खरूज होती का?

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा घामोळं आलेला प्रत्येक जण खाजवतच असतो. घामोळं पाठीवर, मानेवर, छातीवर असतं. बोटांच्या बेचक्यांत नसतं. ढेकूण चावलेलं उघड्या अंगावर दिसतं, ओळीने तीन-चार गांधी, आणि बनियनच्या आत सगळं स्वच्छ. गजकर्णाला गोल कड असते आणि मध्ये कातडी निवळलेली असते. विडी वळणाऱ्या बायकांच्या हाताला इसबही होतं. दिवसभर ओली पानं, तंबाखू, कात्री. बोटांची टोकं फुटलेली, कोरडी, चिरा पडलेली. तिथे खरजेचं मलम लावलं तर आग होते आणि बाई म्हणते, "औषधानं वाढलं बघा."

खरूज दिसते ती ठरावीक जागी. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, कमरेला जिथे परकराची नाडी बसते तिथे, नितंब, बायकांमध्ये स्तनाग्राभोवती, पुरुषांमध्ये लिंगावर आणि अंडकोशावर. ही शेवटची जागा कोणी आपणहून दाखवत नाही आणि आपणही गर्दीत विचारत नाही. पुरुषाच्या तिथे खाजणाऱ्या पुटकुळ्या किंवा गाठी असतील तर माझ्या मते निदान तिथेच संपतं. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं असतं. त्याला तळहात, तळपाय, डोकं, चेहरा, कुठेही होते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तळपायाला पाण्याचे फोड दिसले की आईचे हात उलटे करून बघावेत.

बोगदा दिसला तर उत्तम. पाच-दहा मिलिमीटरची वाकडीतिकडी, राखाडी-पांढरट रेघ. न दिसल्यास निळी शाई. मी अजून दौत ठेवतो. कंपाउंडरची पोरगी हसते, पण उपयोगी पडते. संशयाच्या जागी शाई चोळायची, मिनिटभराने स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. वरची शाई जाते, बोगद्यात शिरलेली रेघ बनून राहते. डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, असेल तर रेघेच्या टोकाला गडद तपकिरी त्रिकोण दिसतो, मागे धूर सोडत जाणाऱ्या विमानासारखा. तो किड्याचा पुढचा भाग. सूक्ष्मदर्शक असेल तर रेघेवर पॅराफिनचा थेंब टाकून ब्लेडने हलकं खरवडायचं. पण काही दिसलं नाही म्हणून खरूज नाही, असं म्हणता येत नाही. साध्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात, आणि तुम्ही खरवडलेल्या जागी एखादा सापडणं हा नशिबाचा भाग. म्हणूनच २०२० साली छापलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत सूक्ष्मदर्शकाशिवायही निदान मान्य केलंय. ठरावीक जागी पुरळ, खाज आणि घरात आणखी कोणी खाजवणारा, एवढं जुळलं की पुरे.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. पुस्तकात लिहिलेलं असतं, "रात्री खाज वाढते". यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस म्हणतो, "रात्री काय नाही, दिवसा लई." मग आपण खरूज खोडून टाकतो. त्याला विचारायचं, अंथरुणावर पडल्यावर वाढते का? तो झोपतोच दिवसा. शब्दांचंही तसंच. पूर्व भागात तेलुगू घरात "गज्जि" म्हटलं, कानडी घरात "कज्जि" म्हटलं, की माणूस लगेच सांगतो हे तेच आहे की वेगळं. "खरूज" म्हटलं की मात्र चेहरा पडतो. "आमच्यात घाण नसते ओ डॉक्टर." घाणीचा संबंध नाही हे एकदा शांतपणे सांगून टाकावं. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्याला होते. एका अंथरुणात चार जण झोपतात त्यांना जास्त होते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला तो उगाच नाही. जगात कुठल्याही क्षणी २० कोटींहून जास्त लोकांना तो असतो असा त्यांचा अंदाज आहे.

आता दुसरा संशय, तीन-चार औषधं एकत्र असलेल्या मलमांवर. मेडिकलमधून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बहुतेकदा जोरदार स्टेरॉइड असतं. तीन दिवसांत आराम पडतो, म्हणून त्या मलमावर माणसाचा विश्वास बसतो. किडे मात्र मजेत वाढत असतात. लाली जाते, नेहमीच्या जागा फिक्या पडतात, पुरळ भलतीकडे पसरतं आणि पंधरा दिवसांनी आपल्यासमोर येतं तेव्हा ते ना खरूज दिसतं ना गजकर्ण. अशा वेळी मलम बंद करून आठ-दहा दिवसांनी परत बोलवावं. माणूस चिडतो, कारण मलम सोडल्यावर खाज उसळते. आधीच सांगून ठेवलं तर येतो.

निदान बरोबर होतं, मग मलम कुठे गेलं?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या असतात. चिठ्ठीवर "लोकल अप्लिकेशन" लिहिलं की माणूस जिथे खाजतं तिथे लावतो. परमेथ्रिन ५ टक्के, म्हणजे खरजेचं नेहमीचं मलम, जबड्याखाली तळपायापर्यंत सगळीकडे लावायचं असतं. बेंबीत, नितंबांच्या खाचेत, पायाच्या बोटांमध्ये, नखांच्या खाली. नखं आधी कापायची. दोन वर्षांखालची मुलं आणि फार म्हातारी माणसं यांना डोकं, कपाळ, कानांच्या मागेही, डोळे-तोंड सोडून. आठ ते चौदा तास अंगावर राहू द्यायचं, मग अंघोळ. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागतं. आपल्याकडे ३० ग्रॅमची ट्यूब पाच जणांत शेंगाचटणीसारखी चिमूट-चिमूट वाटून घेतात. चिठ्ठीवर माणसं मोजून ट्यूब लिहा. खर्च वाढतो हे खरं, पण अर्धवट औषधाचे चार महिने त्याहून महाग पडतात.

लावण्याआधी कढत पाण्याने घासून अंघोळ करायची जुनी पद्धत सोडून द्यावी. अंग थंड आणि कोरडं असावं.

आणि हात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफिल्डला केनेथ मेलनबी नावाच्या संशोधकाने खरजेच्या रुग्णांच्या अंगावरचे किडे अक्षरशः मोजले. माणशी सरासरी अकराच्या आसपास, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश हातांवर आणि मनगटांवर. आता आपल्या घरचा क्रम बघा. बाई संध्याकाळी सात वाजता मलम लावते, मग भाकरी थापते, भांडी घासते, पोराचं ढुंगण धुते. ज्या हातांवर किडे सगळ्यात जास्त, तिथलं औषध नऊ वाजेपर्यंत गटारात. म्हणून माझ्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलेलं असतं : "भांडी झाल्यावर, झोपायच्या आधी. हात धुतले तर हातांना परत लावा." बाळाच्या हातात मोजे घाला, नाहीतर चोखतं.

पाण्याचा प्रश्नही इथलाच. उजनी धरणात पाणी असो-नसो, शहरात नळाला ते काही दिवसांआडच येतं. मलम लावलं आणि सकाळी अंघोळीला दोन तांबे पाणी, असं झालं की माणूस दुसऱ्या वेळेला टाळतो. आता मी सांगतो, तुमच्या गल्लीत पाणी येण्याच्या आदल्या रात्री लावा. सकाळी अंघोळ, त्याच पाण्यात अंथरूण-कपडे. हा साधा बदल केल्यापासून दुसरी मात्रा चुकवणारे बरेच कमी झाले.

मात्र कपड्यांचा बाऊ करू नका. याच मेलनबीने खरजेच्या रुग्णांनी नुकत्याच वापरलेल्या ब्लँकेटमध्ये निरोगी स्वयंसेवकांना उघड्या अंगाने झोपवलं. जवळजवळ कोणाला खरूज झाली नाही. अंगाला अंग लागून होते, मिनिटभराच्या हस्तांदोलनाने नव्हे, तर शेजारी झोपल्याने, कडेवर घेतल्याने. अंगाबाहेर किडा साधारण एक ते तीन दिवस जगतो, कोरड्या गरम हवेत त्याहून कमी, आणि सोलापूरचा उन्हाळा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल धुवा. जाड वाकळ किंवा सोलापुरी चादर धुणं शक्य नसेल तर पोत्यात बांधून चार दिवस बाजूला ठेवा, नाहीतर पत्र्यावर कडक उन्हात टाका. ५० अंशांवर दहा मिनिटांत किडा मरतो. घरभर फवारणी, भिंतींना चुना, फिनेल यांवर पैसे घालवू नका. आणि खरजेचा म्हणून विकला जाणारा साबण? दोन मिनिटांत धुतलं जाणारं औषध आठ तासांचं काम कसं करणार.

खाज उतरली, पण संपत नाही

दोन मात्रा नीट झाल्या, झोप लागते, नवीन पुटकुळी नाही, तरी पंधरा दिवसांनीही खाजतं. ही मेलेल्या किड्यांची खाज. कातडी झडून जाईपर्यंत दोन ते चार आठवडे राहू शकते. इथे परत मलम दिलं की नवा घोळ सुरू होतो, कारण परमेथ्रिनने कातडी कोरडी होऊन स्वतंत्र खाज सुटते आणि माणूस म्हणतो अजून किडे आहेत. मी एकाला पाहिलंय, दीड महिना रोज रात्री लावत होता. त्याला मी फक्त खोबरेल तेल आणि रात्रीची अॅलर्जीची गोळी दिली. अंडकोशावर, काखेत घट्ट तांबूस गाठी महिनोन्‌महिने राहतात; त्यांत जिवंत किडा बहुधा नसतो. तिथे थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सौम्य स्टेरॉइड चालतं. चार-सहा आठवड्यांपलीकडे खाज लांबली किंवा नवी रेघ दिसली, तर पहिल्यापासून तपासा.

थांबली आणि महिन्याभरात हळूहळू परत आली

दुसरी मात्रा चुकली. खरजेची गोळी म्हणजे इव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. ते जेवणाबरोबर घ्यावं. ते अंडी मारत नाही. सात ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा घ्यायचीच, परमेथ्रिनचीही. गोळी एकच दिली जाते, आराम पडतो, दुसरी कोणी आणत नाही. म्हणून दोन्ही एकदमच लिहितो आणि दुसऱ्या पाकिटावर तारीख टाकतो. १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ही गोळी द्यायची नाही. गरोदर बाईला परमेथ्रिन चालतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला व्हॅसलीनमधलं ५ ते १० टक्के गंधक, तीन रात्री सलग. वास येतो, कपड्यांना डाग पडतात, पण आजीबाईंचं हे औषध खरंच काम करतं.

पूर्ण थांबली होती, मग दोन दिवसांत एकदम उसळली

हे बाहेरून आलंय. शरीर आता किड्याला ओळखतं, म्हणून एक ते चार दिवसांतच बोंब मारतं. आणि "बाहेरून" म्हणजे बहुतेकदा घरातूनच. ज्याला अजून खाज सुरूच झाली नाही त्याच्या अंगावर किडे चार-सहा आठवडे बिनबोभाट राहतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, खाज असो-नसो, एकाच रात्री. वसतिगृहातून सुट्टीला आलेला मुलगा, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, ऊसतोडीच्या कोपीवरून चार दिवसांसाठी परतलेला भाऊ, सगळे त्यात. घरचं कुत्रं सोडा; त्याची खरूज वेगळी, माणसाच्या अंगावर टिकत नाही.

पूर्व भागातल्या एका घराने मला हे शिकवलं. नवरा मागावर, बायको विड्या वळणारी, दोन मुलं. चार महिन्यांत चार वेळा आले. दर वेळी पंधरा-वीस दिवस छान, मग एकदम चौघेही खाजवत. मी परमेथ्रिन दिलं, गोळ्या दिल्या, दोन्ही दिलं, शेवटी मनात म्हणालो, औषधालाच किडे जुमानत नसतील. "घरात आणखी कोणी आहे का?" मी विचारलं होतं. "सासूबाई आहेत, पण त्यांना खाज नाही. त्यांना सोरायसिस आहे." मी पुढे गेलो.

पाचव्यांदा बोलावणं आलं ते म्हातारीच्या तापासाठी. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, दोन वर्षं खाटेवर. हातांवर, कोपरांवर जाड पिवळट पापुद्रे, नखं वाळक्या सालीसारखी जाड. चादर झटकली तर कोंडा उडाला. तो कोंडा एका काचेवर घेऊन संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. किडे, अंडी, टरफलं, एका दृश्यात मोजता येईनात.

या प्रकाराला पापुद्र्यांची खरूज म्हणा, जुन्या पुस्तकांत नॉर्वेजियन म्हणतात. १८४८ साली नॉर्वेतल्या कुष्ठरुग्णांमध्ये तिचं पहिलं वर्णन झालं. म्हातारे, अर्धांगाचे, एचआयव्हीचे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे लोक. शरीर लढत नाही म्हणून खाजही कमी, आणि अंगावर दहा-पंधराऐवजी हजारो, कधी लाखो किडे. मघाशी म्हटलं कपड्यांचा बाऊ नको. इथे मात्र करायचा. पडलेल्या प्रत्येक पापुद्र्यात किडे असतात, शिवणाऱ्याला लागण होते, खाटेशेजारी बसणाऱ्यालाही. सून रोज त्यांना भरवत होती. नातवंडं शेजारी झोपत होती.

म्हातारीला सिव्हिलला पाठवलं. इथे एक गोळी पुरत नाही. पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी इव्हरमेक्टिन, सोबत रोज किंवा दिवसाआड परमेथ्रिन, पापुद्रे सुटावेत म्हणून सॅलिसिलिक अॅसिड. घरी बाकी चौघांनी त्याच रात्री मलम लावलं. ताप मात्र जखमांत झालेल्या पुवाचा होता. असा पू करणारा जिवाणू मूत्रपिंडापर्यंत त्रास देऊ शकतो. खरजेच्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मलम-बिलम बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

औषधाला न जुमानणारे किडे असतात का? परदेशांतून, विशेषतः युरोपातून, परमेथ्रिनबद्दल तशा तक्रारी येतात. पण ही शंका घेण्याआधी ट्यूब किती होत्या, हात कधी धुतले, दुसरी तारीख पाळली का आणि घरात कोण खाजवत नाही, हे चार प्रश्न विचारा. त्या घरातल्या चौघांना मी त्यानंतर नवं औषध दिलं नाही. तेच परमेथ्रिन, त्याच गोळ्या. पुढच्या संक्रांतीला सून आली ती मुलाच्या खोकल्यासाठी.